कोरियातल्या पोराच्या अंगावर गणवेश कसा चढला, तेही सांगा

मराठीत युद्धकथा लिहिणाऱ्या, छापणाऱ्या आणि पडद्यावर दाखवणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

जून महिना आला की कोरियन युद्धावरचे लेख आणि चित्रफिती येऊ लागतात. २५ जून १९५०च्या पहाटे उत्तर कोरियाच्या फौजा दोन कोरियांची हद्द असलेल्या ३८व्या अक्षांशाच्या खाली उतरल्या, अमेरिकी सेनापती मॅकआर्थरने इंचॉन बंदरात फौजा उतरवून डाव उलटवला, मग उत्तरेच्या बाजूने चीन उतरला, २७ जुलै १९५३ला पानमुनजोमला युद्धविराम झाला. सोबत बाणांचे नकाशे, सेनापतींची छायाचित्रं, रणगाड्यांची नावं. या तपशिलात फारशी चूक नसते. पण सोळा-सतरा-अठरा वर्षांच्या ज्या पोरांनी हे युद्ध अंगावर घेतलं, ती या बाणांखाली दिसेनाशी होतात. अलीकडे त्यांच्याविषयी थोडंफार सांगितलं जातं, पण ते इतकं गुळगुळीत करून की आम्हाला गप्प राहवत नाही.

आमच्यात कुणी इतिहास शिकवतं, कुणी सैन्यातून निवृत्त झालंय, कुणी कोरियन भाषा शिकलंय. मालिका आणि गाण्यांमुळे आज मराठी मुलं कोरियाबद्दल आपणहून विचारतात, आणि त्यांच्या हाती पहिल्यांदा पडतं ते तुमचंच काम. तिथे जे चुकीचं बसतं, ते पुढे वर्गात निघता निघत नाही. आमचा जीव तुटतो तो यासाठी.

आमची मुख्य तक्रार अशी. या युद्धाची गोष्ट तुम्ही ‘उत्तरेचा सैनिक’ आणि ‘दक्षिणेचा सैनिक’ अशी सरळ वाटणी करून सांगता. जणू प्रत्येक पोराने विचार करून बाजू निवडली होती. प्रत्यक्षात हजारो पोरांच्या बाबतीत ती कुठल्या तारखेला कुठल्या गावात सापडली, यावरच गणवेशाचा रंग ठरला.

दक्षिणेची राजधानी सोल, तिच्या तारखा बघा. २८ जून १९५०ला ते उत्तरेच्या हाती गेलं. सप्टेंबरच्या अखेरीस परत आलं, ४ जानेवारी १९५१ला पुन्हा गेलं, मार्चच्या मध्याला पुन्हा आलं. नऊ महिन्यांत चार वेळा. २८ जूनच्या पहाटे दक्षिणेच्याच सैन्याने हान नदीवरचा पूल उडवला, तेव्हा पुलावर निर्वासितांची गर्दी होती आणि सैन्याचा मोठा भाग अजून नदीच्या उत्तरेलाच होता. ज्यांना होडी मिळाली ते तोफा आणि गाड्या सोडून पोहोचले. युद्धाआधी सुमारे ९८ हजारांचं असलेलं हे सैन्य जून संपताना नदीच्या दक्षिणेला मोजलं, तेव्हा जेमतेम २२ हजारांचा हिशेब लागला. मागे उरलेल्या शहरात उत्तरेने ‘स्वयंसेवक सेना’ उभी केली. शाळा-कॉलेजांत सभा घ्यायच्या, सगळ्यांसमोर नावं नोंदवून घ्यायची, रस्त्यावर तरुण पोरं अडवायची. कित्येक पोरं जमिनीच्या फळ्यांखाली आणि माळ्यावर लपून राहिली. सप्टेंबरअखेर शहर सुटलं तेव्हा मागे राहिलेल्यांची उलटतपासणी सुरू झाली, की शत्रूला मदत केली का.

यातून काय झालं याचा ढळढळीत पुरावा कैद्यांच्या यादीत आहे. दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यात उत्तर कोरियाचे सैनिक म्हणून असलेल्या कैद्यांपैकी ३७-३८ हजार जण मुळात दक्षिणेचेच रहिवासी निघाले. उत्तरेने ओढून नेलेली पोरंही त्यांत होती. त्यांना युद्धकैद्यांतून काढून ‘नागरी स्थानबद्ध’ असं नवं नाव द्यावं लागलं आणि १९५२मध्ये टप्प्याटप्प्याने घरी सोडावं लागलं. इतकी माणसं स्वतःच्याच देशाच्या बाजूने लढणाऱ्यांच्या काटेरी तारेत शत्रू म्हणून बसली होती! हा आकडा मराठीत आम्हाला क्वचितच दिसतो.

दक्षिणेकडेही भरती अशीच झाली. ऑगस्ट १९५०मध्ये जपानमध्ये असलेल्या अमेरिकेच्या ७व्या डिव्हिजनमध्ये माणसं कमी होती. बुसान आणि देगूच्या रस्त्यांवरून तरुण उचलले, जहाजात घातले आणि जपानला नेले. अमेरिकी सैन्याच्या अधिकृत इतिहासातच नोंद आहे की काही शाळकरी पोरांच्या हातात वह्या-पुस्तकं तशीच होती, आणि आजारी बायकोसाठी औषध आणायला निघालेल्या एकाजवळ ते औषध तसंच होतं. असे ८,६३७ कोरियन त्या डिव्हिजनला जोडले गेले. रायफलच्या प्रत्येक कंपनीत आणि तोफखान्याच्या प्रत्येक बॅटरीत सुमारे शंभर. फुजी पर्वताच्या पायथ्याशी जेमतेम तीन आठवड्यांचं शिक्षण, हुकूम इंग्रजीत, दुभाषी पुरेसे नाहीत. एका अमेरिकी सैनिकाला एक कोरियन जोडीदार लावून दिला आणि हातवाऱ्यांवर काम चालवलं. रात्रीच्या गोळीबारात हातवारे दिसत नाहीत, एवढं लक्षात घेतलं तरी पुढे काय होत असेल ते कळतं.

दुसरी तक्रार ‘बालवीर’ करण्याची. ११ ऑगस्ट १९५०ला फोहांगच्या मुलींच्या शाळेत ७१ विद्यार्थी-सैनिकांनी उत्तरेच्या तुकड्यांना काही तास रोखून धरलं. त्यांतले ४८ मेले. ही कथा मराठीत आली की ढोल वाजू लागतात. आम्हाला त्या पोरांच्या धैर्याबद्दल काडीचाही संशय नाही. पण मेलेल्या एका मुलाच्या खिशात आईला लिहिलेलं पत्र सापडलं, त्याचं काय करायचं? त्यात तो हातबॉम्बने माणसं मारल्याचं सांगतो. समोरचेही आपलीच भाषा बोलतात, आपल्याच रक्ताचे आहेत, हे त्याला सहन होत नाही. घरी जाऊन पाल्याच्या पानात गुंडाळलेला भात खायचाय, गार पाणी प्यायचंय, असं तो लिहितो. या पत्रातलं धैर्य तेवढं उचलायचं आणि भीती व शरम गाळायची, हा त्या मुलावर अन्याय आहे.

त्याच युद्धातलं जांगसारीचं प्रकरण घ्या. इंचॉनला फौजा उतरवायच्या होत्या, त्यावरून शत्रूचं लक्ष उडावं म्हणून सप्टेंबरच्या मध्यावर ७७२ जणांची तुकडी, बहुतेक विद्यार्थी, पूर्व किनाऱ्यावर पाठवली. शिक्षण दोन आठवड्यांचं. वादळात त्यांचं जहाज किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं, पोरं गोळीबारात दोराला धरून पाण्यातून किनाऱ्याला लागली आणि परत न्यायला लगेच कुणी येऊ शकलं नाही. शंभरावर मेली. अशा कित्येक विद्यार्थी-सैनिकांना सेना क्रमांकच दिलेला नव्हता. क्रमांक नाही म्हणजे हजेरीपटात नाव नाही, मृत्यूची नोंद नाही, घरी तार नाही, पुढे निवृत्तिवेतनाचा दावा नाही. ‘अमर झाले’ असं लिहिताना ही कागदाची बाजू लिहायला दोनच ओळी लागतात.

तिसरी तक्रार वस्तूंबद्दल आहे, आणि तिच्यावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. १९५०च्या सैनिकाच्या हाती व्हिएतनाम युद्धातली रायफल दिली की तुम्हाला ती फक्त चित्राची चूक वाटते. पण त्या पोराचा अनुभव त्याच्या हातातल्या वजनातून आणि पायातल्या बुटातून बनलेला होता. तिथे चुकलं की सगळंच चुकतं.

दक्षिणेच्या पोराला मिळे ती एम-१ गॅरंड रायफल. वजन साधारण ४.३ किलो, लांबी १.१ मीटर, आठ गोळ्यांची पोलादी क्लिप. भरायची रीत अशी: उजवीकडची मूठ मागे खेचून बोल्ट (गोळी आत बसवणारा सरकता भाग) उघडा अडकवायचा, तळहाताच्या कडेने ती मूठ रोखून धरायची, अंगठ्याने क्लिप वरून खाली दाबायची आणि ती बसताच अंगठा झटकन वर काढायचा. मूठ रोखायला विसरलं की बोल्ट धाडकन पुढे येतो आणि अंगठा आत चेंगरतो. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप आपोआप उडून बाहेर पडते. मध्येच तीन-चार गोळ्या उरल्या असताना वरून भर घालणं फार किचकट, म्हणून उरलेल्या झाडून नवी क्लिप घालायची सवय लावत. ही सगळी घडण अमेरिकी अंगकाठीच्या मापाची. भुकेल्या देशातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दस्ता लांब पडतो, मान पुढे ताणावी लागते, खांद्यावर नीट टेकत नाही आणि मग धक्का गालावर बसतो. पहिल्या चार गोळ्यांनंतर तो डोळे मिटून चाप ओढतो. तीन आठवड्यांत ही सवय मोडत नाही.

समोरच्या पोराकडे बहुधा रशियन मोसिन-नागांट. पाच गोळ्या, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे, लांबी १.२३ मीटर. संगीन लावली की जवळपास साडेपाच फूट, म्हणजे ती धरणाऱ्या कित्येकांहून उंच. सुरुवातीला उत्तरेकडे टी-३४ रणगाडे होते आणि दक्षिणेकडे एकही नव्हता. दक्षिणेकडच्या ५७ मिलिमीटरच्या तोफा आणि २.३६ इंची बझुका (खांद्यावरून रॉकेट डागायच्या नळ्या) त्या चिलखतासमोर निकामी ठरत. म्हणून स्फोटकं कमरेला बांधून किंवा हातात घेऊन माणसं रणगाड्यांवर चढली. हे शौर्य होतंच, पण त्यामागे साधनांचा हा हिशेब होता, आणि तो दिल्याशिवाय ते शौर्य कळत नाही.

आता थंडी. नोव्हेंबर-डिसेंबर १९५०ला चोसिन जलाशयाच्या पूर्वेला अडकलेल्या सुमारे ३,२०० जणांच्या अमेरिकी तुकडीत ७००च्या आसपास कोरियन होते, म्हणजे तेच रस्त्यावरून उचललेले. रात्री पारा उणे ३० अंशांपर्यंत जाई. पायात खाली रबर आणि वर चामडं असलेला हिवाळी बूट. चालताना त्यात पाय घामेजतो. थांबलं की तोच घाम आतल्या नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) तळव्यात गोठतो आणि पाय बर्फाच्या साच्यात अडकतो. उपाय माहीत होता: नमद्याचे आणि मोज्यांचे दोन जोड ठेवायचे, एक पायात आणि दुसरा सदऱ्याच्या आत पोटाशी धरून वाळवायचा, रोज अदलाबदल करायची. पण अदलाबदलीसाठी बूट काढावा लागतो. चारी बाजूंनी हल्ला चालू असताना बूट कोण काढणार? हिमदंश झाला तो इथे. समोरच्या चिनी सैनिकांची गत याहून वाईट होती. त्यांतले कित्येक उबदार पूर्व चीनमधून कापडी बुटांवर आलेले होते, आणि लढाईत पडले तसे बसल्या जागी गोठूनही हजारोंनी मेले.

बंदुकीचं तेल त्या थंडीत घट्ट होतं आणि बोल्ट रेंगाळतो. म्हणून तेल पुसून बंदूक जवळपास कोरडी ठेवायची, अधूनमधून एखादी गोळी झाडून ती चालते का बघायचं. वरचा थर गोठून दगड झालेला असल्याने कुदळीने खंदक निघत नाही. जखमींना द्यायच्या प्लाझ्माच्या (रक्तद्रवाच्या) बाटल्या गोठत, नळ्या तुंबत. वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या छोट्या नळ्या वैद्यकीय सेवक तोंडात धरून पातळ करत. जखम बघायला कपडे कापावेत तर उघडं पडलेलं अंग गोठतं, म्हणून पुष्कळदा वरूनच पट्टी बांधत. डब्यातलं अन्न अर्धवट वितळवून खाल्लं की पोट बिघडे, आणि उणे ३० अंशांत हगवण लागणं म्हणजे काय हे वाचकाच्या कल्पनेवर सोडू नका, लिहा.

चौथी गोष्ट तुमच्याकडे जवळजवळ कुठेच येत नाही. डिसेंबर १९५०मध्ये दक्षिण कोरियाने १७ ते ४० वयाच्या पुरुषांचं ‘राष्ट्रीय संरक्षण दल’ उभं केलं. उत्तरेच्या हाती ही माणसं पुन्हा लागू नयेत म्हणून त्यांना ऐन हिवाळ्यात दक्षिणेकडे पायी चालवत नेलं. अन्न, कपडे आणि औषधांसाठी मंजूर झालेला पैसा वरच्या अधिकाऱ्यांनी खाल्ला. हजारो माणसं, बहुतेक अंदाजांनी दहा हजारांहून कितीतरी जास्त, उपासमारीने, थंडीने आणि टायफसने वाटेवर मेली. शत्रूची एकही गोळी न लागता. प्रकरण संसदेत गाजलं, दल बरखास्त झालं, आणि ऑगस्ट १९५१मध्ये दलाच्या प्रमुखासह दोषी अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तरुण सैनिकाच्या अनुभवात हे येत नसेल तर मग काय येतं?

पाचवी तक्रार कैद्यांची, आणि इथे आपला महाराष्ट्रही येतो. युद्धविरामाची बोलणी जुलै १९५१ला सुरू झाली आणि पुढे ‘कैद्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध परत पाठवायचं का’ या एका प्रश्नावर वर्षाहून अधिक काळ अडली. तोवर डोंगर तेच आणि मरणारी पोरं नवी. १९५२च्या ऑक्टोबरमध्ये ‘पांढरा घोडा’ नावाची टेकडी दहा दिवसांत कितीतरी वेळा या हातातून त्या हातात गेली. कोजे बेटावरच्या छावण्यांत लाखाहून जास्त कैदी होते. प्रत्येक आवारावर आतल्याच कुठल्या तरी गटाची सत्ता होती, कुठे कम्युनिस्टांची, कुठे त्यांच्या विरोधकांची. रात्री ‘जनन्यायालय’ भरायचं आणि सकाळी प्रेत सापडायचं. विरोधकांच्या आवारांत अंगावर कम्युनिस्टांविरुद्धच्या घोषणा गोंदवल्या जात, काहींच्या अंगावर बळजबरीने. तसं गोंदण घेऊन मायदेशी जाणं म्हणजे मरण, म्हणजे निवड तिथेच संपली. मे १९५२मध्ये तर कैद्यांनी छावणीच्या अमेरिकी प्रमुखालाच पकडून ठेवलं. तुम्ही लिहिता, ‘इतक्या कैद्यांनी स्वातंत्र्य निवडलं.’ किंवा उलट बाजूचे लिहितात, ‘इतक्यांना फसवून अडकवलं.’ दोन्ही वाक्यांत ते आवार नाही, तिथली रात्र नाही.

परत जायला नकार देणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या २२,६०४ आणि उत्तर कोरिया-चीनच्या ताब्यातल्या ३५९ कैद्यांना सप्टेंबर १९५३पासून भारतीय ताबा दलाने सांभाळलं. या कैद्यांचा निकाल लावणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या, दलाचे प्रमुख आपले कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भारतीय सैन्याला आपल्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाही असं बजावल्याने आपले जवान इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरने दोन्ही बाजूंमधल्या निर्लष्करी पट्ट्यात थेट उतरले. तिथल्या छावणीला त्यांनी ‘हिंद नगर’ म्हटलं. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आवारात ओढून नेलं तेव्हा थोरात मोजक्या माणसांनिशी आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. याचा अभिमान आम्हालाही आहे, आणि मराठी मुलांना हे नाव ठाऊक असलंच पाहिजे. पण तुमचे लेख तिथेच थांबतात. तंबूत काय चाललं होतं ते सांगा. कैद्याला एकेक करून आणायचं. समोर त्याच्या मूळ बाजूचे समजावणारे, पाच तटस्थ देशांचे प्रतिनिधी, दुभाषी, निरीक्षक. तंबूला दोन दारं: एकातून मायदेशी, दुसऱ्यातून पुन्हा कुंपणात. कैदी आत येताच घोषणा देऊन अंगावर धावून जाई, म्हणून भारतीय जवान त्याचे दंड धरून बसत. ती पोरं आणि हे जवान जवळपास एकाच वयाचे होते. शेवटी ८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते १९५४मध्ये भारतीय दलासोबत जहाजाने मद्रासला आले. त्यांतले पुष्कळजण पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, थोडे भारतातच राहिले. या ८८ जणांवर मराठीत एखादा नीट दीर्घ लेख व्हावा, ही आमची फार दिवसांची इच्छा आहे.

युद्धानंतरचंही थोडक्यात. भाऊ उत्तरेत गेला म्हणून दक्षिणेत उरलेल्याला कित्येक दशकं सरकारी नोकरी नाही, पारपत्र नाही. उत्तरेतही घराण्याच्या इतिहासावरून माणसाची प्रत ठरली. लाखाहून जास्त दक्षिणी सैनिकांचे देह अजून मिळालेले नाहीत. तिथलं सरकार २०००पासून डोंगर खणून हाडं काढतंय आणि नातलगांच्या डीएनएशी जुळवतंय. जुळवायला नातलग जिवंत हवेत, आणि ते संपत चाललेत.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

कोरियन सैनिकाबद्दल लिहाल तेव्हा तो सैन्यात कसा आला हे पहिल्या दोन परिच्छेदांत सांगा. स्वेच्छेने, शाळेच्या तुकडीतून, रस्त्यावरून उचलून की कैदेतून. ठाऊक नसेल तर ‘स्वयंसेवक’ शब्द वापरू नका. आकडा देताना तो कुणाचा आहे ते लिहा. या युद्धात दोन्ही सरकारांचे आकडे जुळत नाहीत. एका बाजूने केलेली सामान्य माणसांची कत्तल सांगाल तर दुसरीनेही केलेली सांगा. १९५०च्या उन्हाळ्यात दक्षिणेच्या पोलिसांनी आणि सैन्याने ‘बोदो लीग’च्या, म्हणजे डाव्या विचारांचे म्हणून सरकारने नोंदवून ठेवलेल्या, संशयितांना मारलं, आणि उत्तरेने माघार घेताना तुरुंगातल्यांना. त्या पोरांची घरं या दोन्हींत होती.

चित्रफितीत हत्यार, बूट आणि हेलिकॉप्टर त्या सालातलं दाखवा. तसं चित्र नसेल तर ‘चित्र प्रातिनिधिक’ एवढं ठळक लिहा. संगणकाने बनवलेला रडणारा बालसैनिक खऱ्या छायाचित्रांच्या मध्ये घालू नका. ती छायाचित्रं खऱ्या मुलांची आहेत आणि त्यांचे नातलग आजही चेहरे शोधताहेत.

आणि भारतीय ताबा दलात किंवा या युद्धात गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात, ६०व्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्समध्ये, असलेल्या जवानांची पत्रं, डायऱ्या आणि छायाचित्रं मराठी घरांत कुठे असतील, तर त्यांसाठी तुमच्या अंकात आणि वाहिनीवर आवाहन द्या. मूळ कागद मागू नका, घरीच उजेडात छायाचित्र काढून घ्या, मागच्या बाजूचं आणि पाकिटावरच्या शिक्क्याचंही. तारखा तिथेच असतात.

यातल्या कुठल्याही मजकुराचा कच्चा मसुदा प्रसिद्धीआधी आमच्याकडे पाठवलात तर आम्ही तो विनामूल्य तपासून देऊ. नाव छापायची गरज नाही.

आपले,
कोरियन युद्धाचे काही मराठी अभ्यासक